ठणक्याला इंग्रजीत काय म्हणावे?

सोलापुरात दुखणे चार भाषांत सांगितले जाते आणि लिहिले जाते ते मात्र एकाच भाषेत, इंग्रजीत. शहराच्या पूर्व भागातल्या विणकर वस्तीतून तेलुगू, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांतल्या कित्येक गावांतून कन्नड, मोहल्ल्यांतून दखनी वळणाची उर्दू आणि सगळीकडून मराठी अशा भाषांत आलेली तक्रार सिव्हिलच्या, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयाच्या, केसपेपरवर उतरते तेव्हा ती ‘पेन’, ‘बर्निंग’, ‘गिडीनेस’ अशा मोजक्या शब्दांत बसवलेली असते. या रुग्णालयाशी जोडलेले डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ सालचे आहे. वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा आता मराठीतून देता येत असली तरी पुढची पुस्तके इंग्रजीच असल्यामुळे मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला ‘थ्रॉबिंग’, ‘नॉइंग’, ‘कॉलिकी’ हे शब्द आधी छापील पानावर भेटतात आणि त्या शब्दांचे दुखणे कोणाच्या तोंडून ऐकण्याची वेळ पुष्कळ उशिरा येते.

शारीरिक संवेदनांचे, म्हणजे दुखणे, खाजणे, जळजळणे, बधिर होणे, गरगरणे यांचे, इंग्रजी शब्द शिकणाऱ्याने कसे शिकावेत, याविषयी दोन मते संभवतात. ती येथे इंग्रजीच्या एका प्राध्यापिकेच्या आणि वैद्यकशास्त्राच्या एका ज्येष्ठ अध्यापकांच्या तोंडी घातली आहेत. बोलणारे दोघेही कल्पित आहेत, बोलण्यातली माहिती कल्पित नाही.

प्राध्यापिकांचे म्हणणे असे की, संवेदनेचा शब्द कोशातून शिकता येत नाही, कारण कोश ‘पेन’, ‘एक’ आणि ‘सोअर’ या तिन्हींपुढे ‘वेदना’ किंवा ‘दुखणे’ एवढेच लिहून मोकळा होतो. “सर, ‘एक’ म्हणजे मंद आणि बराच वेळ टिकणारे दुखणे, ‘सोअर’ म्हणजे श्रमाने किंवा सुजेने हुळहुळे झालेला भाग, आणि ‘टेंडर’ हा शब्द तर दाबून पाहिल्याशिवाय वापरताच येत नाही, कारण त्यात दाबल्यावर दुखणे हीच अट आहे. विद्यार्थ्याने शब्दाला शब्द लावण्यापेक्षा प्रसंगाला प्रसंग लावावा. पिकलेले गळू किंवा दाराच्या फटीत सापडलेले बोट ठणकते, नाडीच्या ठोक्याबरोबर दुखणे वर येते आणि खाली जाते, तेव्हा इंग्रज ‘थ्रॉबिंग’ म्हणतो. खरचटलेल्या जागी आयोडीन लावल्यावर झोंबते, तेव्हा तो ‘स्टिंगिंग’ म्हणतो. बिडी वळणारी बाई तासन्‌तास सूप मांडीवर घेऊन एका बैठकीत बसते आणि तिच्या पाठीला रग लागते. त्या रगीला ‘एक’च्या जवळ ठेवता येते, पण ‘एक’मध्ये एकाच स्थितीत अवघडून राहण्याचा जो अर्थ मराठीने आपल्या शब्दात भरला आहे तो नाही, हेही त्याच वेळी सांगावे लागते.”

डॉक्टरांना गळवाचे उदाहरण मान्य होते, मात्र गळू डोळ्यांना दिसते म्हणून ते सोपे आहे, असे त्यांचे मत पडले. “मॅडम, जे दिसत नाही तेथे इंग्रजांचीही बोबडी वळते. व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२६ साली आजारपणावर लिहिलेल्या निबंधात हीच तक्रार केली आहे की, प्रेमात पडलेल्या मुलीच्या मदतीला थोर कवी उभे असतात आणि डोके दुखणाऱ्या माणसाला डॉक्टरपुढे भाषा पुरत नाही. मग मराठी विद्यार्थ्याने कोणते भांडार पाठ करायचे?”

भांडार आहे, असे प्राध्यापिकांनी दाखवून दिले. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी वॉरन टॉर्गरसन यांच्याबरोबर दुखण्याचे १०२ इंग्रजी शब्द जमवून त्यांची वर्गवारी १९७१ मध्ये प्रसिद्ध केली आणि त्यातून १९७५ मध्ये ७८ शब्दांची, २० गटांत मांडलेली मॅकगिल वेदना-प्रश्नावली तयार झाली. प्रत्येक गटात एकाच जातीचे शब्द चढत्या तीव्रतेने लावलेले असतात. उष्णतेच्या गटात ‘हॉट’पासून ‘बर्निंग’ आणि ‘स्कॉल्डिंग’वरून ‘सीअरिंग’पर्यंत, म्हणजे नुसत्या गरमपणापासून डागणी दिल्यासारख्या दाहापर्यंत, रुग्णाने आपली पायरी निवडायची असते. काही गट संवेदनेच्या गुणाचे आहेत, काही तिने मनावर आणलेल्या ताणाचे, भीतीचे. शिकणाऱ्याला याहून चांगली शिडी कोठे मिळणार, असा त्यांचा प्रश्न होता.

“ती शिडी इंग्रजी जाणणाऱ्यांनी इंग्रजीसाठी बांधलेली आहे,” डॉक्टर म्हणाले, “आणि तिच्यावरचा ‘लॅन्सिनेटिंग’ हा शब्द लंडनच्या बसचालकालाही समजावून सांगावा लागेल. शिवाय मेलझॅक यांना या कामाची ओढ लावली ती शब्दकोशाने नव्हे. मधुमेहाने पाय गमावलेली एक वृद्ध स्त्री नसलेल्या पायातले दुखणे त्यांना आपल्या शब्दांत सांगत असे आणि ते शब्द ते टिपून ठेवू लागले. माणूस आधी बोलला, यादी मागून आली. आपल्याकडे विद्यार्थी यादी घेऊन वॉर्डात जातो आणि माणसाला तिच्यात कोंबतो.”

या आक्षेपाच्या पुष्टीसाठी डॉक्टरांनी चक्करेचे उदाहरण दिले, आणि दोघांच्या वादातला सर्वांत कसदार भाग हाच ठरतो. अमेरिकेतील ड्रॅकमन आणि हार्ट या वैद्यांनी १९७२ मध्ये ‘डिझिनेस’ या ढिसाळ शब्दाखाली येणाऱ्या तक्रारींचे चार प्रकार पाडले: स्वतः किंवा आजूबाजूचे जग फिरत असल्याचा भास, बेशुद्ध पडण्यापूर्वीची अवस्था, चालताना तोल जाणे, आणि यांपैकी कशातच न बसणारे डोके हलके झाल्यासारखे वाटणे. प्रत्येक प्रकारामागे वेगळे कारण शोधायचे, पहिल्यामागे कानाचा आतला भाग, दुसऱ्यामागे हृदय किंवा रक्तदाब, अशी ती रीत पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली. येथे प्राध्यापिकांनी उत्साहाने पुष्टी जोडली की मराठी बोलणारा हे प्रकार ड्रॅकमन यांच्या आधीपासून पाळत आला आहे; गरगरणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, झोक जाणे आणि डोके रिकामे झाल्यासारखे वाटणे या चार गोष्टी तो एका शब्दाने सांगत नाही, त्यामुळे मराठी माणसाला ‘व्हर्टिगो’ आणि ‘लाइटहेडेड’ यांतला भेद शिकवायला इंग्रज माणसापेक्षा कमी वेळ लागावा.

“लागावा खरा,” डॉक्टरांनी उत्तर दिले, “पण पुढे काय झाले ते ऐका. डेव्हिड न्यूमन-टोकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये असे दाखवले की, तातडीच्या विभागात आलेल्या, इंग्रजीच बोलणाऱ्या रुग्णांना चक्करेचा प्रकार विचारला आणि थोड्याच मिनिटांनी तोच प्रश्न वेगळ्या रीतीने पुन्हा विचारला, तर जवळजवळ निम्म्यांनी प्रकार बदलला. ती कधी येते, किती वेळ राहते आणि कशाने येते, याची उत्तरे मात्र बऱ्याच अंशी टिकली. कूस बदलताना काही सेकंद येते की उठून उभे राहिल्यावर, की दोन दिवस सलग आहे, यावर निदान जास्त विसंबते. तेव्हा शिकणाऱ्याने विशेषणे घोकण्यापेक्षा हे तीन प्रश्न सुबक इंग्रजीत विचारायला आणि त्यांची उत्तरे लिहायला शिकावे.”

प्राध्यापिकांनी यावर शांतपणे विचारले की, ‘कूस बदलताना’ ही भाषा नाही काय, आणि ज्या विद्यार्थ्याला ‘रोलिंग ओव्हर इन बेड’ हे शब्द सुचत नाहीत तो हा प्रश्न इंग्रजीत कसा लिहील. डॉक्टरांनी तेवढे मान्य केले. प्रस्तुत लेखकाच्या मते येथे दोघांतले अंतर दिसते त्याहून कमी आहे, कारण वेळ, हालचाल आणि कारण सांगणारी वाक्येच शिकणाऱ्याला विशेषणाचा अर्थ पटवून देतात. नुसते विशेषण त्याला काहीच शिकवत नाही.

यानंतरचा मुद्दा शब्दांचा नसून वाक्यांचा होता. मराठी व्याकरणात ‘मला मळमळते’ यासारख्या वाक्यातील क्रियापदाला भावकर्तृक क्रियापद म्हणतात, म्हणजे ज्याला क्रियापदातल्या भावाहून निराळा कर्ताच नसतो असे क्रियापद. इतर वेळी संवेदना स्वतः कर्ता होऊन येते: चक्कर येते, थंडी वाजते, ठसका लागतो, पेटका येतो. माणूस तेवढा ‘मला’ होऊन बाजूला उभा असतो. ही रचना मराठीपुरती नाही. ‘मला ताप आला’ हेच कन्नडमध्ये ‘ननगे ज्वर बंदिदे’ आणि तेलुगूत ‘नाकु ज्वरम् वच्चिंदि’ असे, शब्दाला शब्द जुळवून, म्हणता येते, आणि भाषाकुळे भिन्न असूनही भारतीय भाषांनी अशी वैशिष्ट्ये एकमेकींत वाटून घेतली आहेत, हा विचार भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांनी १९५६ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात मांडला. त्यामुळे सोलापूरच्या वॉर्डात मराठी, कन्नड आणि तेलुगू रुग्णांचे व्याकरण एका बाजूला असते आणि इंग्रजीचे दुसऱ्या बाजूला, जेथे ‘आय हॅव अ फीव्हर’ म्हणून ताप माणसाच्या मालकीचा होतो आणि ‘आय फील डिझी’ म्हणून माणूस चक्करेचा कर्ता होतो.

“याचा परिणाम केसपेपरवर होतो, सर,” प्राध्यापिका म्हणाल्या. “‘पाय दुखतो’ याचे ‘लेग इज पेनिंग’ होते. इंग्रज असे म्हणत नाही, तो ‘हर्ट्‌स’ किंवा ‘एक्स’ म्हणतो.”

“‘लेग इज पेनिंग’ हे सोलापुरापासून चेन्नईपर्यंतच्या प्रत्येक डॉक्टरला कळते आणि त्याने कोणाचे नुकसान झालेले नाही. ते आपले इंग्रजी आहे.”

“येथे राहणाऱ्याचे भागेल. उद्या येथून शिकलेला डॉक्टर किंवा परिचारिका ब्रिटनला गेली आणि रुग्ण ‘आय फील सिक’ म्हणाला, तर ती ‘आजारी वाटते’ असे समजेल. त्याला मळमळत असते. ‘आय वॉज सिक’ म्हणाला तर त्याला उलटी झालेली असते. म्हातारी बाई ‘फनी टर्न’ आली म्हणते, त्यात गमतीचे काही नसते, तिला एकाएकी भोवळ किंवा तसलेच काहीतरी होऊन गेलेले असते.”

डॉक्टरांनी यावर सोलापुरात १९१० साली जन्मलेल्या द्वारकानाथ कोटणीस यांचे नाव काढले. काँग्रेसने १९३८ मध्ये चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून ते गेले, चिनी बोलायला आणि वाचायला शिकले, बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि १९४२ मध्ये तेथेच वारले. जखमी सैनिकाच्या दुखण्याचे शब्द त्यांना त्या सैनिकांखेरीज शिकवणार तरी कोण होते, असे डॉक्टरांचे म्हणणे. उदाहरण भावनेला भिडणारे आहे, पण त्याने प्राध्यापिकांचे खंडन होत नाही. कोटणिसांना ती भाषा दिवसरात्र कानांवर पडत होती. सोलापूरच्या विद्यार्थ्याच्या कानांवर इंग्रजीत कण्हणारा माणूस पडतच नाही.

डॉक्टरांचा खरा राग अनोळखी शब्दांपेक्षा ओळखीच्या शब्दांवर होता. ‘विकनेस’ हा शब्द आता मराठीच झाला आहे. गळून गेल्यासारखे वाटणे, अंगात त्राण नसणे, जेवण न जाणे या सगळ्याला रुग्ण ‘विकनेस आलाय’ म्हणतो, आणि इंग्रजी वैद्यकात ‘वीकनेस’ म्हणजे स्नायूची ताकद कमी होणे, हात वर न उचलता येणे, पाऊल घसटणे. रुग्णाने पहिल्या अर्थाने उच्चारलेला शब्द विद्यार्थ्याने जसाच्या तसा लिहिला की वाचणारा लकवा शोधू लागतो. उलट एका बाजूची ताकद खरोखर गेलेली असताना ‘विकनेस आहे’ म्हणून सलाईन लावून घेण्याची घाई घरचेच करतात, हे त्याहून घातक. ‘हार्टबर्न’मध्ये हृदय आहे, पण जळते ती अन्ननलिका, आणि हृदयविकाराचा झटका काही रुग्णांना नुसत्या जळजळीसारखाच जाणवतो, म्हणून ‘ॲसिडिटी’ किंवा ‘गॅस’ या शब्दांवर थांबता येत नाही. अशा वेळी सॅम्युएल लिव्हाइन या अमेरिकन हृदयतज्ज्ञाच्या नावाने ओळखली जाणारी खूण, म्हणजे रुग्णाने दुखणे दाखवताना आवळलेली मूठ छातीच्या मधोमध धरणे, शब्दांच्या पुढची गोष्ट सांगते. “मुठीला भाषांतर लागत नाही,” असे डॉक्टर म्हणाले, आणि ‘आवळल्यासारखे होते’ हे मराठी वाक्य त्या मुठीचेच वर्णन आहे, असे प्राध्यापिकांनी सुचवले.

दोघांचीही कसोटी लागली ती मुंग्यांवर. मज्जातंतूंना इजा झाल्याने होणाऱ्या दुखण्याची ओळख पटवण्यासाठी ‘डीएन-४’ नावाची दहा कलमांची प्रश्नावली वापरतात. मधुमेह्यांच्या तळपायांची आग होते तेव्हा तिचा उपयोग होतो, आणि दहांपैकी चार कलमे जुळली की दुखणे मज्जातंतूंचे असण्याचा संभव धरतात. तिच्या इंग्रजी रूपात ‘टिंगलिंग’ आणि ‘पिन्स अँड नीडल्स’ ही दोन वेगळी कलमे आहेत. मराठी रुग्णाला दोन्ही विचारली तर तो दोनदा ‘मुंग्या येतात’ म्हणेल, एका अनुभवाचे दोन गुण होतील आणि बेरीज फुगेल. विद्यार्थी समजतो की इंग्रजीला एक भेद कळतो आणि आपल्या भाषेला कळत नाही. प्रत्यक्षात ही प्रश्नावली मुळात फ्रेंच, बुआसिरा आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेली. फ्रेंचमध्ये पहिल्या कलमाचा शब्द ‘फुरमियमाँ’, म्हणजे शब्दशः मुंग्या चालल्यासारखे होणे, आणि दुसऱ्याचा ‘पिकोत्माँ’, म्हणजे बारीक टोचण्या. मराठीत ‘मुंग्या येणे’ आणि ‘सुया टोचल्यासारखे होणे’ अशी मांडणी केली तर भेद जसाच्या तसा उभा राहतो, आणि अडचण झाली ती मधल्या इंग्रजी थांब्यावर, असे म्हणावे लागते. प्राध्यापिकांना हे उदाहरण आवडले, पण ते इंग्रजीवर थोडे अन्याय करणारे वाटले. डॉक्टरांचे त्यावरचे मत कोरडे होते: “शब्द काहीही असो, पाय पुढे घ्यायला सांगावे. दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा दोरा डोळे मिटलेल्या माणसाच्या तळव्याला टेकवावा, १२८ हर्ट्‌झचा कंपनकाटा अंगठ्याच्या हाडावर ठेवावा. कळते की नाही, एवढेच विचारायचे.”

दोरा बधिरपणा सांगतो, आग सांगत नाही, आणि रुग्ण येतो तो बहुधा आगीसाठी, एवढेच प्राध्यापिकांनी नोंदवले.

प्राध्यापिकांचा एक मोठा सिद्धांतही होता. इंग्रजी दुखण्याला हत्याराचे नाव देते, सुरा, गिरमिट, करवत, गोळी. मराठी दुखण्याला त्याच्या लयीचे किंवा आवाजाचे नाव देते, ठसठस, चुरचुर, खवखव, धडधड, फणफण. मोल्सवर्थने १८३१ च्या आपल्या मराठी-इंग्रजी कोशात अशा शब्दांपुढे अनुकरणवाचक असल्याची खूण केली आणि एका मराठी शब्दासाठी ओळीच्या ओळी इंग्रजी खर्ची घातले, ते या कारणाने. सिद्धांत देखणा आहे. डॉक्टरांनी तो सुश्रुताच्या आधाराने मोडला: त्याच्या संहितेच्या सूत्रस्थानात व्रणाच्या वेदना सांगताना तोदन, भेदन, छेदन, ताडन असेच शब्द येतात, म्हणजे टोचणे, फोडणे, कापणे, मारणे, आणि मराठी ‘शूळ’ व ‘सल’ यांच्या पोटात भाला आणि बाण आहेतच. एवढे खरे की ध्वनीचे शब्द मराठीत रोजच्या वापरात आहेत आणि इंग्रजीत त्यांची संख्या कमी, म्हणून ‘घशात खवखवते’ याला इंग्रजीत ‘स्क्रॅची थ्रोट’पर्यंत येऊन थांबावे लागते.

उलट बाजूचेही एक उदाहरण निघाले. ‘हॉट’ हा एकच शब्द तिखट आणि गरम या दोन्हींसाठी वापरणारी इंग्रजी मराठी कानाला दरिद्री वाटते, विशेषतः लाल तिखट आणि लसूण घातलेली शेंगाचटणी घरोघर असणाऱ्या शहरात. परंतु शरीरक्रियाशास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये ओळख पटवलेला, मज्जातंतूंच्या टोकांवरचा एक ग्राहक, म्हणजे संवेदना टिपणारा प्रथिनाचा दरवाजा, मिरचीतल्या कॅप्साइसिनने उघडतो तसाच सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या पुढच्या उष्णतेनेही उघडतो. या शोधाच्या वाटेवरच्या कामाला २०२१ चे नोबेल मिळाले. सोलापूरचा मे महिना पाऱ्याला अनेकदा या आकड्यापर्यंत नेतो, अर्थात कातडीचे तापमान हवेइतके होत नाही. शब्दांचा भेद शरीरात नेहमी असतोच असे नाही, हे डॉक्टरांनी यातून काढले. जिभेला भेद कळतो तोवर तो शिकवावाच लागेल, हे प्राध्यापिकांनी.

शेवटी प्राध्यापिकांनी एक व्यवहाराची सूचना केली: केसपेपरवर पहिली ओळ रुग्णाच्या स्वतःच्या शब्दांची असावी, तो बोलला त्या भाषेत, देवनागरीत, आणि तिच्याखाली इंग्रजी. ‘पाठीला रग लागते’ लिहिलेले असले तर खालचे ‘बॅकएक’ कोठून आले ते नंतर येणाऱ्याला पाहता येईल. वैद्यकीय शिक्षणात २०१९ पासून आलेल्या नव्या अभ्यासक्रमात सुरुवातीच्या पायाभूत वर्गांत भाषेला आणि पुढे रुग्णसंवादाला जागा ठेवलेली आहे, तेव्हा ही सवय तेथेच लावता येईल.

“पदव्युत्तरच्या निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात,” डॉक्टर म्हणाले. “रात्रपाळीचा निवासी डॉक्टर केरळचा असला तर तुमची ‘रग’ त्याला कशी कळावी?”

“त्याला ती कळणार नाही म्हणून तो शेजारच्या परिचारिकेला विचारील, सर. ‘बॅकएक’ त्याला कळल्यासारखे वाटेल आणि तो विचारणार नाही.”

डॉक्टरांनी सूचना पुरती स्वीकारली नाही. ओपीडीच्या रांगेत एका रुग्णामागे मिळणाऱ्या वेळात दोन ओळी लिहून होतात. त्यांतली एक रुग्णाच्या शब्दांना दिली तर दुसरी कधीपासून, किती वेळ आणि कशाने यांनाच द्यावी आणि विशेषण गाळावे, एवढ्यावर ते आले. विशेषण गाळायला प्राध्यापिका तयार झाल्या नाहीत.